तीस घरांची अहिल्याबाई

मार्गशीर्षातल्या सकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. काशीत याहून चमत्कारिक गोष्टी माणसं रोज करतात. डाव्या हाताला शीतला घाट आणि त्यापलीकडे दशाश्वमेधाची गजबज, उजवीकडे मुन्शी घाट, समोर धुक्यात पैलतीरावरची वाळू असून नसल्यासारखी. थंडीत लांबून आलेले कुरव पक्षी शेवेच्या मुठीवर झेपावत होते आणि नावाडी त्यांना घरच्या कोंबड्यांसारखे ‘आओ आओ’ करून बोलावत होते. पाठीमागे भिंतीवर घाटाचं नाव रंगवलेलं. मी मात्र त्या नावाच्या पहिल्याच अक्षराशी अडलो होतो. माझ्या पडद्यावर ‘अ’च्या जागी तीन आकडे उभे होते: २२४, १६४, १३३.

हे प्रकरण सुरू झालं वडिलांच्या वर्षश्राद्धापासून. आदल्या वर्षी त्यासाठी आलो, तेव्हा ब्रह्माघाटाच्या बाजूला एका गल्लीत राहणाऱ्या आमच्या क्षेत्रोपाध्याय गुरुजींनी वही काढली आणि पाचेक मिनिटांत माझ्या पणजोबांची सही माझ्यापुढे धरली. मोडीत होती. मला वाचता आली नाही. गुरुजींनी बोट फिरवत वाचून दाखवली. कागदाची कड त्यांच्या बोटाखाली भुग्यासारखी झडत होती. मी भारावलो आणि अशा क्षणी शहाण्या माणसानं जे करू नये ते केलं: “गुरुजी, हे सगळं मी तुम्हाला संगणकावर करून देतो,” असं म्हणून बसलो.

गुरुजींच्या घरचा संगणक म्हणजे धूळ खाऊन खाऊन स्वतःच तीर्थक्षेत्र झालेला. खिडक्या, चित्रं, माउस असला थाट त्याला झेपेना. म्हणून मी त्यावर नुसता लिनक्स चढवला आणि टर्मिनलात चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं; नाव, गाव, जिल्हा, शेरा असे चार रकाने. एनकर्सेस नावाची एक जुनी, भरवशाची लायब्ररी आहे, ती असल्या चौकोनी पडद्यांची सगळी कामं करते. तिची मूळ आई ‘कर्सेस’ बर्कलीत जन्मली, आणि ‘रोग’ नावाच्या भुयारातल्या खेळासाठी ती सुरुवातीलाच कामाला आली. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ शाप, नाव मात्र कर्सर हलवण्याच्या युक्तीवरून आलं होतं. पण तो श्लेष करणाऱ्यांना पुढचं सगळं दिसलं असावं असं मला राहून राहून वाटतं.

पुण्यात मी प्रोग्राम इंग्रजी नावं टाकून तपासला. सुरेख चालला. (हे वाक्य लिहितानाही लाज वाटते.) काशीला येऊन गुरुजींच्या सूनबाईंपुढे ठेवला. वहिनींनी टायपिंगच्या परीक्षेसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकलेला, बोटं झरझर चालणारी. गुरुजी मागे खुर्चीत. “काशीत मराठी माणसानं पहिलं नाव कुणाचं लिहायचं?” असं विचारून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, “लिही, अहिल्याबाई होळकर.”

वहिनींनी पहिली कळ दाबली. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ए उमटला, त्यापाठोपाठ चार टोकं फुटलेलं एक वर्तुळ, आणि मग नुसतीच हालचाल.

“दादा, यात भुतं आहेत,” वहिनी म्हणाल्या.

भुतं नव्हती, माझं अज्ञान होतं. खरं तर अज्ञानही नव्हे, आळस. कळफलकावरून एक कळ वाचायची तर कर्सेसमध्ये ‘गेट-सीएच’ हा पूर्वापार चालत आलेला आदेश आहे. तो एका वेळी एक बाइट उचलतो. एक बाइट म्हणजे ० ते २५५ यांतली एक संख्या. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, त्यामुळे कळ, बाइट आणि अक्षर या तिन्ही गोष्टी एकच आहेत असा समज त्या काळी पक्का झाला आणि आमच्यासारख्यांच्या हातांत तो अजून मुरलेला आहे. देवनागरीत तो पहिल्याच अक्षराला फुटतो. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक २३०९. इतका मोठा आकडा बाइटाच्या दारातून आत येत नाही. म्हणून यूटीएफ-८ या पद्धतीनं त्याचे तीन तुकडे होतात आणि ते एकामागून एक येतात. २२४ सांगतो की ‘आम्ही तिघं आहोत’. उरलेल्या दोघांतून खुणेचा भाग वजा केला की ३६ आणि ५ उरतात. ३६ गुणिले ६४ अधिक ५, बरोबर २३०९. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर ही पद्धत आखली. माझा प्रोग्राम त्या तिघांना तीन वेगळे पाहुणे समजून तीन वेगळ्या पाटांवर बसवत होता.

गुरुजींना हे सांगताना मी चाचरलो. बाइट म्हणजे काय इथूनच सुरुवात होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे संकल्पासारखं. आधी देश, मग काल, मग गोत्र. ते सांगून झाल्याशिवाय नाव घेता येत नाही. मधेच थांबलास तर संकल्प झालाच नाही.” इतकी चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. काशीतला संकल्प इतर गावांपेक्षा लांब असतो हे मी वडिलांच्या श्राद्धाला अनुभवलेलंच होतं.

त्या रात्री प्रोग्राम घेऊन मुक्कामी आलो. घाटामागच्या गल्लीत उतरलो होतो, सकाळी थेट पायऱ्यांवर. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधून घेतलेला हा घाट. त्याआधी इथे केवलगिरी घाट होता असं सांगतात. पावसाळ्यात गंगा यातल्या बहुतेक पायऱ्या गिळते आणि जाताना त्यांवर गाळाचा जाड थर ठेवून जाते. आश्विनात पंपाच्या फवाऱ्यानं तो धुऊन काढावा लागतो. आता पायऱ्या स्वच्छ होत्या. थंडगार. मी खाली आसन घालून प्रोग्रामच्या पोटात शिरलो.

पहिली भुतं घालवणं सोपं होतं. सुरुवातीलाच ‘सेटलोकेल’ हा आदेश द्यावा लागतो, म्हणजे प्रोग्रामला आपण कुठल्या भाषेच्या घरात आहोत ते समजतं. तो दिला नाही तर प्रोग्राम स्वतःला एका नावगाव नसलेल्या मुलखात समजतो, जिथे फक्त इंग्रजी बोलली जाते. मग एनकर्सेसचा रुंद अवतार जोडायचा आणि ‘गेट-सीएच’च्या जागी ‘गेट-डब्ल्यूसीएच’ घालायचा. मधला डब्ल्यू ‘वाइड’चा. हा रुंद अक्षरं वाचतो. पहिला तुकडा आला की लगेच हातात देत नाही. उरलेले दोघे येईपर्यंत थांबतो, तिघांना जोडतो आणि मगच सांगतो: २३०९.

त्याची मला आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. तो एका हाकेला दोन उत्तरं देतो. एक, काय आलं. दुसरं, जे आलं ते अक्षर होतं की कळ. हा भेद क्षुल्लक वाटतो, पण खाली जाण्याच्या बाणाला कर्सेसनं २५८ हा क्रमांक दिलेला आहे, आणि युनिकोडमध्ये २५८ म्हणजे रुमानियन वर्णमालेतला डोक्यावर वाटी घेतलेला मोठा ए. नुसत्या आकड्यावर विसंबलात तर बुखारेस्टातल्या एखाद्या बाईनं आपलं नाव लिहायला घेतलं की कर्सर खालच्या ओळीत उडी मारेल. देवनागरीचे क्रमांक २३०४पासून सुरू होतात आणि कळांचे ५११ला संपतात, त्यामुळे आपल्याला हा धोका नाही. तेवढ्याबाबतीत आपण नशीबवान. एस्केपची कळ मात्र कुणालाच सोडत नाही. बाणाची कळ दाबली तर तीन बाइट येतात, आणि त्यांतला पहिला एस्केपचाच २७ असतो. त्यामुळे नुसतं एस्केप दाबलं की एनकर्सेस बाहेर डोकावून बघत राहते, मागून आणखी कुणी येतंय का. ठरलेली वाट पूर्ण एक सेकंदाची. मी ती कमी करणार होतो. मग राहू दिली.

दुसऱ्या दिवशी ‘अहिल्याबाई’ नीट उमटलं. वहिनींनी पुढची कळ दाबली आणि यंत्र टुणकन वाजलं. पुन्हा दाबली, पुन्हा टुण्. नावाचा रकाना भरला होता.

नावासाठी मी तीस घरं ठेवली होती. कुठल्याही नावाला तीस म्हणजे चैन, असा माझा हिशेब. तो बाइटांत होता. आता हे नाव मोजून बघा. कानाला अहिल्याबाई म्हणजे अ, हि, ल्या, बा, ई अशी पाच अक्षरं. संगणकाला त्यात दहा चिन्हं दिसतात, कारण वेलांटी वेगळी, काने दोन, आणि ‘ल्या’मधल्या लला यशी जोडणारा हलन्त हाही स्वतंत्र. दहांचे प्रत्येकी तीन, म्हणजे तीस बाइट. बाई एकट्याच बरोबर तीस घरांत बसल्या आणि आडनावाला जागा उरली नाही. गुरुजी म्हणाले, “मल्हारराव रागावतील.”

त्याहून वाईट पुढे होतं. ‘सौ. अन्नपूर्णाबाई’ लिहून पाहिलं, तर पडद्यावर ‘सौ. अन्नपूर’ आलं आणि मग एक काळी तिरपी चौकट, पोटात प्रश्नचिन्ह. निव्वळ देवनागरी असती तर तीसला तीननं भाग जातो, तुकडा अक्षराच्या सीमेवरच पडला असता. पण ‘सौ’नंतरचं टिंब आणि मोकळी जागा एकेका बाइटाची, त्यांनी हिशेब विसकटला आणि हलन्ताच्या तीन तुकड्यांतला पहिलाच आत येऊन दार बंद झालं. अन्नपूर्णेच्या गावात अन्नपूर्णेचा रफार माझ्या हातून गेला. रकाना बाइटांत नव्हे, चिन्हांत मोजायचा, एवढं लिहायला मला दहा मिनिटं लागली. ते सुचायला दोन दिवस.

आडनाव लिहिताना वहिनींच्या बोटांनी सवयीनं ‘होलकर’ केलं. तिथल्या सगळ्या पाट्यांवर ल असतो. हिंदीत रोज लिहिणाऱ्याच्या हाताला ळ आठवत नाही. गुरुजी खुर्चीतून उठले. “ळ नाही तर होळकर कसले?” इनस्क्रिप्टमध्ये ल आणि ळ एकाच कळेवर आहेत, इंग्रजी एनच्या, शिफ्ट दाबलं की ळ. तारेवरून जाताना तर दोघांत शेवटच्या बाइटात एका आकड्याचं अंतर: १७८ आणि १७९. काशीतल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एवढंसं अंतर सांभाळलंय.

असले आकडे एकदा दिसायला लागले की वेड लावतात. देवनागरीचा मधला बाइट ऱ्हस्व वेलांटीपर्यंत १६४ असतो आणि दीर्घ वेलांटीपासून १६५ होतो. म्हणजे शाळेत ज्या सीमेवर आम्ही पट्ट्या खाल्ल्या, बरोबर तिथेच यंत्रही पायरी बदलतं. योगायोग आहे, पण मला त्यातून मास्तर दिसतात. आणि हाच १६४, एकटा, आणखी एका जुन्या संकेतात ‘अ’ होता. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात देवनागरीचं टर्मिनल तयार झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावानं वाढवलं. त्यांच्या यंत्रात भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची एक-बाइटी पद्धत होती, १९९१मध्ये ती भारतीय मानक झाली. एक चिन्ह, एक बाइट. त्यात ‘अ’ म्हणजे १६४, आणि माझा आळशी ‘गेट-सीएच’ तिथे अगदी नीट चालला असता. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच उचलली. कळफलकही त्याच घराण्यातला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, बाराखडी जणू दोन हातांत वाटून दिलेली. ‘अहिल्याबाई’ला दहा चिन्हं आणि वहिनींनी दाबलेल्या कळाही दहा. कळफलक आखणारे व्याकरण जाणणारे होते याचा मला इतका पुरावा पुरेसा आहे.

लिपीला यंत्रात कसं बसवायचं हा प्रश्न या गावाला नवा नाही. १८९३मध्ये इथे नागरी प्रचारिणी सभा निघाली. १९०५च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी टिळक काशीला आले तेव्हा ते या सभेच्या परिषदेत बोलले, देशभर एक लिपी असावी आणि ती देवनागरी असावी म्हणून. केसरीच्या छापखान्यातले खिळे ज्यांनी पाहिले होते, त्यांना जोडाक्षरांचा पसारा काय असतो हे कुणी सांगायला नको होतं.

पण गुरुजींच्या कपाटातल्या वह्या देवनागरी नाहीत, मोडी आहेत. होळकरांचा कारभारही मोडीतच चालायचा. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, आणि ती इतकी लांब मिळाली की तिच्या प्रत्येक चिन्हाला तीन नव्हे, चार बाइट लागतात. हेच नाव त्याच दहा चिन्हांनी मोडीत लिहिलं तर चाळीस घरं. ‘रुंद अक्षर’ किती रुंद असावं यावरही एकमत नाही: लिनक्समध्ये ते ३२ बिटांचं, विंडोजमध्ये १६, आणि १६ बिटांत मोडीचं अक्षर मावत नाही, दोन अर्ध्यांत चिरावं लागतं. मोडी लिहिणारा कारकून पानभर शिरोरेघा आधी ओढून घ्यायचा आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेला अक्षरं लोंबकळवत जायचा. एकसंध, धावतं अक्षर. त्याला चार-चार तुकड्यांत येताना पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार मी घाटावर बसून बराच वेळ केला, कामाच्या वेळेत.

एक दुखणं मला शेवटपर्यंत बरं करता आलं नाही. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही. प्रत्येक अक्षराला एक घर. चिनी अक्षराला दोन घरं द्यायची हे तिला शिकवलेलं आहे. देवनागरीबद्दल तिची समजूत अर्धवट. हलन्त, अनुस्वार, उकार यांना ती घर देत नाही, काना-वेलांट्यांना बहुतेकदा देते. या हिशेबानं ‘अहिल्याबाई’ची रुंदी नऊ घरं. पण जोडाक्षर एकत्र काढलं की ते नऊ घरं भरत नाही, आणि न काढलं तर ‘हि’ची वेलांटी हच्या मागे जाऊन उभी राहते. पाच, नऊ, दहा, तीस. एका नावाचे चार हिशेब, आणि कर्सर बिचारा या चौघांच्या मध्ये. तक्त्याची उजवी उभी रेघ प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी पडत होती, बनारसच्या गल्लीसारखी. तीन सकाळी खर्च करून मी ती रेघच काढून टाकली. आमच्या धंद्यात याला उपाय म्हणतात.

“आता बरं दिसतं,” वहिनी म्हणाल्या. त्यांना रेघ आधीपासूनच नको होती.

खोडण्याची कळ मात्र मला बदलायची होती. ती दाबली की अख्खं ‘ल्या’ जात नाही. आधी काना जातो, मग य, मग हलन्त, आणि शेवटी ल. मी म्हटलं, एका दमात अक्षर पुसायची सोय करतो. गुरुजींनी वहिनींकडून दोन-तीनदा पुसून घेतलं, पडद्यापाशी वाकून पाहिलं. “राहू दे. वेलांटी चुकली तर हला का पुसायचं?” ते म्हणाले. मी तिला हात लावला नाही.

निघायच्या दिवशी सांगितलं की आता पहिली नोंद काढून टाका, ती चाचणीची होती. तेही ऐकलं गेलं नाही. परवा फोनवर वहिनींना विचारलं. वहीत तीनशेच्या वर नावं झाली आहेत, आणि क्रमांक एक तसाच आहे. नाव: अहिल्याबाई होळकर. गाव: चौंडी. जिल्हा: अहिल्यानगर. शेरा: घाट बांधला.